ओठाच्या कोपऱ्यावरचा फोड

सिस्टरना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. प्रसूतिगृहात त्यांची उभी हयात गेली होती. कोणाचं मूल रडायचं थांबत नसलं, कोणाच्या बाळाची नाळ ओली राहिली, की लोक डॉक्टरकडे जायच्या आधी त्यांच्या दारात यायचे. त्यांचा थोरला मुलगा, घरातला दादा, उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची बायको पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकूनही तिचा आवाज कधी चढत नसे. धाकटी मुलगी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. दादाला मुलगी झाली त्या दिवसापासून ही धाकटी सगळ्यांची आत्या झाली, आणि बाळाचं नाव काही केल्या ठरेना म्हणून तोवर सगळे तिला पिल्लू म्हणू लागले.

पिल्लू घरी आलं तसा सिस्टरनी घराचा ताबा घेतला. बाहेरून येणाऱ्यानं आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच बाळाच्या खोलीत पाऊल टाकायचं. दादाच्या हातांना ग्रीसचा वास येतो म्हणून त्याला दोनदा साबण. शेजारीण बाळ बघायला आली आणि नुसती एकदा शिंकली, तर तिला दारातूनच वाटेला लावलं.

"अगं, ही आपली आई आहे की विमानतळावरची तपासणी?" दादा आत्याला म्हणायचा.

दादाची बायको, आत्याची वहिनी, हसायची. खरं तर तिला बरंच वाटायचं. तिचं माहेर लांब, आई अंथरुणाला खिळलेली. इथं आपल्या बाळामागं एवढं जाणतं माणूस उभं आहे, याचा तिला केवढा आधार होता.

या सगळ्या धावपळीत सिस्टर स्वतः मात्र पार थकून गेल्या. अंगात कणकण भरली आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर बारीक फोडांचा झुपका उठला. दमल्या, ताप आला की तो त्यांना हमखास यायचा, आणि नेमका तिथंच.

"परत आला का गं?" आत्यानं जेवताना विचारलं.

"येतो नि जातो. मलम लावलंय." विषय तिथंच संपला. आत्यालाही तो यायचा, परीक्षेच्या दिवसांत, अगदी शाळेत असल्यापासून. त्यात विशेष असं त्या घरात कोणाला वाटत नसे.

एका दुपारी आत्या कॉलेजातून लवकर घरी आली. वहिनी आत झोपली होती. सिस्टर खिडकीपाशी पिल्लूला मांडीवर घेऊन काहीतरी गुणगुणत होत्या आणि मध्येच वाकून तिच्या भुवईवर, गालावर, परत भुवईवर ओठ टेकवत होत्या. फोडांवर खपली धरली होती. आत्या दारात उभी राहून बघत राहिली. सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या आपल्या आईला असं विरघळताना तिनं क्वचितच पाहिलं होतं. तिला ते इतकं गोड वाटलं की दुसरं काही मनात आलंच नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पिल्लू दूध पिईना. छातीशी घेतलं की दोन घोट घ्यायचं आणि मान टाकायचं.

"झोपाळू आहे," सिस्टर म्हणाल्या. "काही मुलं असतातच अशी. तळपायाला गुदगुल्या कर, पिईल."

वहिनीनं केल्या. बाळानं डोळे किलकिले केले आणि परत मिटले. "आई, हिचं अंग मला गरम लागतंय."

"दुपटी कमी कर. एवढं गुंडाळलंस तर अंग तापणारच."

संध्याकाळी वहिनीनं कोणाला विचारलं नाही. बाळाला उचललं, दादाला फोन करून "मी हॉस्पिटलात निघालेय, तू तिकडेच ये" एवढंच सांगितलं आणि पायात चपला सरकवून जिना उतरली. आत्या पर्स घेऊन तिच्यामागं धावली.

ड्यूटीवरच्या डॉक्टरनं बाळाला हात लावला आणि त्याचा चेहरा बदलला. एवढ्या लहान जिवाला ताप म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे, असं म्हणून त्यानं रक्त घेतलं, पाठीच्या मणक्यातलं पाणी घेतलं, जिवाणूंवरची औषधं लावली. पिल्लू काचेच्या पेटीत गेलं. डोक्यावरची टोपी डोळ्यांपर्यंत आली होती आणि नाकात नळी होती. दादा कामाच्या कपड्यांतच आला आणि काचेला कपाळ लावून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लूचा उजवा हात ठराविक तालात उडायला लागला.

"थंडी वाजतेय का हिला?" वहिनीनं विचारलं.

तिथल्या नर्सनं तो चिमुकला हात आपल्या मुठीत धरला. मुठीतही तो उडतच होता. ती नर्स पळत डॉक्टरांना बोलवायला गेली. काचेपलीकडून सिस्टर हे बघत होत्या. त्या भिंतीचा आधार घेऊन बाकावर बसल्या.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आपल्या छोट्या खोलीत बोलावलं. खुर्च्या तीनच होत्या, म्हणून आत्या कपाटाला टेकून उभी राहिली.

"मणक्याच्या पाण्यात पेशी वाढल्यात, पण जिवाणू सापडत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला विषाणूची शंका येतेय. हर्पीस म्हणून आहे, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तपासणी बाहेर पाठवलीय, पण उत्तर यायला वेळ लागेल. औषध आहे. पण ते मूत्रपिंडांना जड जातं, आणि पिल्लूची लघवी आधीच कमी झालीय. म्हणून सुरू करण्याआधी मला थोडं विचारायचंय." त्या वहिनीकडे वळल्या. "बाळंतपणाच्या वेळी खाली, जननमार्गावर, काही फोड, जखमा होत्या का? त्याच्या आधी कधी?"

वहिनीचा चेहरा लाल झाला. "नाही. कधीच नाही."

"यात लाजण्यासारखं काही नाही. बऱ्याचदा तो बाळंत होताना आईकडूनच बाळाला लागतो, म्हणून विचारतेय."

"नाही हो. खरंच नाही."

दादानं बायकोकडे पाहिलं. क्षणभरच. पण वहिनीनं ती नजर टिपली आणि मग ती टेबलाच्या कडेकडेच बघत राहिली.

"घरात कोणाला ओठावर फोड आले होते? इतक्यात?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी स्वतः नर्स होते. आमच्या घरात असलं काही नाही. आता हिच्या माहेरचं, लग्नाआधीचं म्हणाल, तर ते मला कसं माहीत असणार?"

आत्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसेल. डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडे जरा निरखून पाहिलं. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवते म्हणाल्या आणि फोन उचलला.

आत्यानं आईला दंडाला धरून बाहेर आणलं. बोळाच्या टोकाला पिण्याच्या पाण्याचा कूलर होता, तिथं कोणी नव्हतं.

"आई, तुझ्या ओठावर फोड होता."

"तो बरा झाला होता."

"खपली होती. मी डोळ्यांनी पाहिलंय. तू तिच्या भुवईवर ओठ टेकवत होतीस."

"हळू बोल." सिस्टरनी मागं वळून पाहिलं. "हजारो बाळं हाताळली मी. एकालाही माझ्यामुळं काही झालं नाही."

"त्यांचे तू मुके घेत नव्हतीस. साबणानं हातावरचा विषाणू मरतो, आई. त्याचं वरचं वेष्टण तेलकट असतं, ते साबणानं फाटतं. पण तोंडावरच्या फोडात तो लाखांनी असतो, खपलीतही असतो. हे मी तुला सांगायला हवं का?"

"मग नको सांगूस."

"आणि वहिनीच्या माहेरापर्यंत गेलीस तू!"

"मग काय सांगू? माझ्यामुळं झालं, असं सांगू? दादा परत माझं तोंड बघेल? या हॉस्पिटलात माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आहेत. आत्ता जिनं पिल्लूचा हात धरला ना, तीसुद्धा माझ्याच वॉर्डातली."

"पिल्लूला औषध मिळायला हवं, आई."

"देतील. बाई हुशार आहेत."

"आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी थांबा म्हटलं तर?"

सिस्टरनी कूलरचा नळ घट्ट आवळला. तो आधीच बंद होता. आत्या वळली आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. दादा आणि वहिनी अजून तिथंच बसले होते, मधली खुर्ची रिकामी ठेवून.

"डॉक्टर, ओठावर फोड होता," आत्या म्हणाली. "आईच्या. पिल्लू घरी आलं तेव्हा. खपली असताना तिनं बाळाचे मुके घेतले. इथं, भुवईवर. मी पाहिलंय."

दादा उठून उभा राहिला. दारात सिस्टर येऊन थांबल्या होत्या.

"हिचं काय ऐकता तुम्ही?" त्या म्हणाल्या. "वर्गात फळ्यावर चित्रं काढते ती."

डॉक्टरीणबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्या जवळ आल्या आणि त्यांनी सिस्टरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. खपली पडून गेली होती, पण कोवळ्या कातडीचा गुलाबी डाग अजून होता. "मला एवढं पुरे आहे," त्या म्हणाल्या आणि अतिदक्षता विभागाकडे चालू लागल्या. पिल्लूची टोपी वर सरकवून त्यांनी विजेरीच्या उजेडात भुवई पाहिली. टोपीच्या कडेखाली, बारीक लवेमध्ये, मोहरीएवढे दोन फोड उठले होते. कालपर्यंत ते तिथं नव्हते, किंवा कोणी टोपी उचलून पाहिली नव्हती. औषध लगेच सुरू झालं, सलाईनचं पाणी वाढवून, लघवीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून.

वहिनी सिस्टरच्या बाजूनं निघून काचेपाशी जाऊन उभी राहिली.

औषध लागू पडतंय की नाही हे लगेच कळणार नव्हतं. बोळात बसून आत्याचं डोकं फिरायला लागलं, म्हणून ती मध्येच एक दिवस कॉलेजात गेली. धडा विषाणूंचाच होता. पुढं ढकलता आला असता, पण तिनं ढकलला नाही.

"विषाणू म्हणजे फार काही नसतं," फळ्यावर वीस बाजूंचं कवच काढत ती म्हणाली. "आत एक धागा, डीएनएचा नाहीतर आरएनएचा. म्हणजे नुसत्या सूचना. भोवती प्रथिनांचं कवच. काहींना त्यावर आणखी एक वेष्टण. स्वतःची पेशी नाही, खाणं नाही, वाढणं नाही. आतला धागा कुठला, वेष्टण आहे की नाही, कवचाचा आकार कसा, यावरून आपण त्यांची कुळं पाडतो." मग तिनं बाणांनी पुढचं काढलं: पेशीला चिकटणं, आत शिरणं, कवच उतरवणं, पेशीच्याच यंत्रणेकडून आपल्या नकला करून घेणं, त्या नकलांची जुळणी, आणि शेवटी बाहेर पडणं. "एक आत जातो आणि शेकड्यांनी बाहेर येतात. पेशी बिचारी राबून राबून मरते."

वर्गात थोडी खसखस पिकली.

"हर्पीसचं कूळ डीएनएवालं, वेष्टणवालं. ते आणखी एक करतं. कातडीवर वाढून झालं की मज्जातंतूच्या वाटेनं आत जातं आणि त्याच्या मुळाशी गप्प बसतं. कवच नाही, नकला नाहीत, नुसता धागा."

"मग शरीर त्याला मारत का नाही, मॅडम?"

"सापडतच नाही. गडबड केली तर सापडेल ना. माणूस दमला, ताप आला, काळजी लागली की जागा होतो आणि त्याच वाटेनं परत वर येतो. म्हणून फोड दर वेळी त्याच जागी."

पहिल्या बाकावरच्या मुलीनं पुस्तकातून मान वर केली. "इथं लिहिलंय, बहुतेकांना तो लहानपणीच घरच्यांकडून लागतो. म्हणजे कोणी लाडानं मुका घेतला, तर तो जन्मभर आपल्यात राहतो?"

"हो," आत्या म्हणाली. तिची जीभ नकळत स्वतःच्या ओठाच्या कोपऱ्याकडे गेली. "मोठ्यांना त्याचं फारसं काही होत नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला मात्र..." तिनं खडू ठेवला, मुलांना आकृती उतरवून घ्यायला सांगितली आणि वर्गाकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली.

तपासणीचं उत्तर आलं. हर्पीसच होता. तोवर झटके थांबले होते आणि लघवी नीट होऊ लागली होती. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसल्या. "जीव वाचला," त्या म्हणाल्या. "डोळे चांगले आहेत. उजव्या हाताचं आणि पुढच्या वाढीचं आत्ता काहीच सांगता येणार नाही. आणि औषध वाढणाऱ्या विषाणूला मारतं, लपून बसलेल्याला नाही. तो हिच्यात राहणार."

दादा बाहेर येऊन बायकोजवळ बसला. "मी त्या दिवशी तुझ्याकडे..." त्यानं सुरुवात केली.

"आत्ता नको," वहिनी म्हणाली. "डबा खाऊन घे. मग मी घरी जाऊन अंघोळ करून येते."

तो गेल्यावर ती आत्याकडे वळली. इतकी वर्षं दोघींचं अगं-तुगं होतं. "तुम्ही बोललात म्हणून औषध वेळेवर लागलं, हे मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण एक विचारू? खिडकीपाशी पाहिलंत ना तुम्ही त्यांना? तेव्हा का नाही बोललात?"

"माझ्या लक्षात आलं नाही गं."

"तुम्ही हेच शिकवता ना?"

आत्याला वाटलं, वहिनी रागावली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती खिडकीवरच्या लोकांशी बोलावं तसं शांतपणे बोलत होती.

सिस्टर त्या दिवसानंतर हॉस्पिटलात गेल्या नव्हत्या. आत्या घरी आली तेव्हा त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या. समोर चहा थंड झाला होता.

"उत्तर आलं?"

"आलं. तेच आहे."

"झटके?"

"थांबले."

"डोळे?"

"चांगले आहेत. उजवा हात आखडलाय."

सिस्टरनी मान हलवली, वॉर्डात रुग्णाची माहिती घ्यावी तशी. आत्या समोर बसली. "आई, तू खरंच विसरली होतीस का? त्या खोलीत?"

"हात उडायला लागला ना, तेव्हाच मला कळलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "त्या बाईंच्याही आधी. आमच्या वॉर्डात एक बाळ असंच गेलं होतं, मी नवीन असताना. त्या वेळी औषध नव्हतं."

"म्हणजे तुला माहीत होतं, आणि तू..."

"भीती वाटली गं. तोंडातून निघून गेलं ते."

"निघून नाही गेलं. तू ते शोधून काढलंस, आई. सगळ्यांत सोयीचं माणूस बघून."

सिस्टरनी चहाचा कप उचलला आणि बेसिनमध्ये ओतला. आत्यानं त्यांचं रडणं ऐकलं, पण उठून जवळ जाणं तिला जमलं नाही. ती तशीच बसून राहिली आणि थोड्या वेळानं आपल्या खोलीत गेली.

पिल्लूला घरी सोडलं तेव्हा वहिनी बाळाला घेऊन सरळ माहेरी गेली. तिथून परत आली ती या घरात नव्हे. दादानं दोन गल्ल्या सोडून एक भाड्याची जागा घेतली. सामान नेताना तो आईच्या पाया पडला नाही आणि भांडलाही नाही. "येत जाईन," म्हणाला. येत मात्र फारसा नव्हता. आत्या आठवड्यातून एकदा तिकडं जायची. वहिनी तिला चहा द्यायची, अजून तुम्हीच म्हणायची.

पिल्लूची मूठ उघडत नव्हती. मान धरायला तिनं वेळ लावला, बसायला त्याहून. हाताचे व्यायाम दिवसातून कितीदा तरी करायचे होते. एक बाई शिकवून गेली होती, पण वहिनीला धीर व्हायचा नाही. जरा ओढलं की बाळ कळवळून रडायचं आणि तीही रडायची. दादाचे हात राकट. आत्यानं करून पाहिलं, तिलाही जमेना.

एका रविवारी व्यायाम अर्ध्यावर सोडून वहिनी म्हणाली, "आईंना जमेल का हो हे?"

आत्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मी त्यांना माफ केलं असं समजू नका," वहिनी म्हणाली. "मला ते जमलेलं नाही. जमेल असंही वाटत नाही. पण हिचा हात उघडायला हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आत्याबरोबर गेल्या. दारापाशी थबकल्या. तोंडाला मास्क होता, नखं बोटांच्या मांसापर्यंत कापलेली. "आत या," वहिनी म्हणाली. "दार उघडं राहिलं की तिला वारा लागतो."

सिस्टर चटईवर बसल्या. त्यांनी पिल्लूचा उजवा हात स्वतःच्या तळव्यावर घेतला आणि आधी नुसता धरून ठेवला, ऊब लागू दिली. मग करंगळीकडून एकेक बोट, अगदी सावकाश, ओढ न देता सोडवत गेल्या. बाळ कुरकुरलं. वहिनी पुढं झाली.

"दुखत नाहीये तिला," सिस्टर म्हणाल्या. "दुखलं की रडणं वेगळं असतं. तुला कळेल, ऐक."

वहिनी ऐकत राहिली. मग ती मागं सरकून बसली, पण तिची नजर काही सिस्टरच्या हातांवरून हलली नाही. व्यायाम संपेपर्यंत दोघी फक्त बोटांबद्दल, मनगटाबद्दल, कोमट तेलाबद्दल बोलल्या. निघताना सिस्टरनी बाळाकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

"उद्या ह्याच वेळेला येऊ?" त्यांनी चपला घालताना विचारलं.

"मला ऑफिस आहे. अर्धा तास आधी या," वहिनी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रस्त्यात सिस्टर आत्याच्या पुढं झपाझप चालत होत्या. कोपऱ्यावर त्या थांबल्या, मास्क काढून तोंड पुसलं.

"अंगठ्यात जोर आहे," त्या म्हणाल्या. "तर्जनीत नाही. तिथं वेळ लागेल."